फ्लॅट स्विंगमुळे बॉल नीट लागत नसेल तर: नागपुरात नव्याने गोल्फ शिकणाऱ्यांसाठी

रेंजवर बॉल नीट लागला नाही की मागून कुणीतरी म्हणतंच, "डोकं वर येतंय भाऊ, डोकं खाली ठेव." मी हा सल्ला फार दिवस मनापासून पाळला. मान आखडायची, पण फॅट फटके (क्लब बॉलच्या आधी जमिनीला लागतो ते) काही जाईनात. ज्याचा स्विंग फ्लॅट आहे, म्हणजे क्लब वर न जाता अंगाभोवती आडवा फिरतो, त्याला हा सल्ला देऊच नये, असं माझं ठाम मत झालंय. हनुवटी छातीला टेकली की डाव्या खांद्याला तिच्याखालून जायला जागा उरत नाही. मग खांदे जमिनीला समांतर फिरतात आणि क्लब आणखीच अंगाभोवती गुंडाळला जातो. (हे सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी बाजू उलटून घ्यावी.)

माझी खरी फसगत आपल्या जमिनीने केली, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो. पावसाळ्यात काळी माती ओली असते. क्लब बॉलच्या आधी जमिनीत शिरला की तिथेच रुततो आणि बॉल चार पावलं जातो. तोच स्विंग मे महिन्यात करा. पारा पंचेचाळिशीला, जमीन भाजून दगडासारखी. क्लब बॉलच्या मागेच टेकतो, पण आत न जाता उसळतो आणि त्याची कड बॉलच्या पोटावर बसते. बॉल सरपटत सुटतो, म्हणजे थिन लागतो, आणि बोटांना झिणझिण्या येतात. आपल्याला वाटतं, जुलैतला दोष गेला आणि नवा आला. मग फॅट जावा म्हणून बॉल मागे घ्यायचा, थिन जावा म्हणून गुडघे वाकवायचे. दोन्ही वेळा दोष एकच असतो: स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतोय. क्लब फार आतून आणि फार आडवा येतो, वजन उजव्या पायावर राहतं, आणि मग दुसरं काही होऊच शकत नाही. एवढं समजलं असतं तर एक अख्खा हंगाम वाचला असता. म्हणून सांगतो, फटका कसा गेला यावरून दोष ठरवू नका. जमिनीवर फक्कीची एक रेघ मारा, बॉल न ठेवता आयर्नने (लोखंडी पात्याच्या क्लबने) स्विंग करा आणि माती कुठून उडते ते बघा. ती रेघेवर किंवा तिच्या पुढे, म्हणजे टार्गेटच्या बाजूला उडायला हवी.

दोष सुरू होतो तो टेकअवेत, म्हणजे क्लब मागे नेतानाच्या पहिल्या दोन फुटांत. क्रिकेट खेळून आलेल्यांचे मनगट आणि कोपराखालचे हात सवयीने वळतात. पुल आणि स्वीप अंगात मुरलेले असतात. हात वळले की क्लबचं डोकं लगेच हातांच्या मागे, पाठीकडे जातं. मित्राला मागून मोबाइलवर शूट करायला सांगा. कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि हातांच्याच रेषेत, टार्गेटकडे तोंड करून हवा. तो डावी-उजवीकडे सरकला तर चांगला स्विंगही फ्लॅट दिसतो. शाफ्ट (क्लबची दांडी) कमरेपाशी जमिनीला समांतर आला की क्लबचं डोकं हातांना झाकत असलं पाहिजे. पुढे डावा हात समांतर झाल्यावर ग्रिपचं टोक बॉलच्या रेषेच्या आसपास रोखलेलं हवं. ते बॉलच्या बरंच पलीकडे बघत असेल तर स्विंग फ्लॅट आहे, यात वाद नाही.

सेटअपही तपासा. बॉलपासून लांब आणि ताठ उभा राहणारा माणूस फ्लॅटच फिरणार. कंबरेतून नव्हे, नितंबाच्या सांध्यातून वाका, हात खांद्यांखाली सैल लोंबू द्या, वजन टाचांवर नको.

सरावासाठी भिंत पुरते. भिंतीकडे पाठ करून हात-दीड हात पुढे उभे राहा आणि वेजने (जवळच्या उंच फटक्यांचा आखूड क्लब) अगदी हळू, छातीपर्यंतच बॅकस्विंग करा. क्लब भिंतीला घासला तर तो अजून आत जातोय. दुसरा सराव मला जास्त आवडतो: बॉल पायांपेक्षा खाली राहील अशा उतारावर उभं राहून अर्धे स्विंग. तिथे आडवा स्विंग बॉलपर्यंत पोचतच नाही, शरीर आपोआप उभा मार्ग शोधतं. ट्रेनिंगच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या पट्ट्या आणि सापळे मी घेतले नाहीत, तुम्हीही घेऊ नका.

एक धोका मात्र आहे. "उभा स्विंग" ऐकून नुसते हात वर उचलू नका. खांदे न वळता हात उचलले की डाउनस्विंगमध्ये क्लब बाहेरून येतो आणि हूकच्या (डावीकडे वळणाऱ्या फटक्याच्या) जागी स्लाइस (उजवीकडे वळणारा) सुरू होतो. डावा खांदा बॉलकडे खाली वळू द्या. हातांना उंची त्यातूनच मिळते.

आणि घाबरू नका. फ्लॅट असणं हा गुन्हा नाही. बेन होगनचा स्विंग बराच फ्लॅट होता आणि त्याने ९ मेजर, म्हणजे गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकल्या. जॅक निक्लॉस उभ्या स्विंगने १८ जिंकला. तुमचाही थोडा फ्लॅट राहिला तरी चालेल, बॉल आधी आणि माती नंतर एवढं जमलं पाहिजे. शिकवणारा निवडताना हेच बघा: तो तुमची उंची आणि शरीर बघून बोलतो, की सगळ्यांना एकाच साच्यात बसवतो? माझ्या अनुभवात रोज शेकडो फटके बघणारा जुना कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारा मदतनीस) पुष्कळदा महागड्या कोचपेक्षा नेमकं सांगतो. गोल्फपटू एसएसपी चौरसिया रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबच्या ग्रीनकीपरचा, म्हणजे मैदान राखणाऱ्याचा, मुलगा; तिथेच खेळ शिकला आणि २०१६ व २०१७ची इंडियन ओपन जिंकला. बघून शिकण्याला कमी लेखू नका.

सुरुवात वेजपासून करा. तिची दांडी जमिनीशी साधारण ६४ अंशांत उभी असते, त्यामुळे फ्लॅट स्विंग तिच्यावर लगेच उघडा पडतो. मग सात नंबरचा आयर्न. ड्रायव्हरचा (सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबचा) कोन त्याहून बराच कमी आणि बॉल टीवर (छोट्या खुंटीवर), म्हणून तिथे हा दोष लपतो आणि सगळं ठीक चाललंय असं वाटत राहतं. सात नंबरने रेघेपुढची माती सलग उडू लागेपर्यंत ड्रायव्हर बॅगेतच राहू द्या.