मंडळीत दोन तट पडले असतील तर: शाळेच्या बाईंच्या सूचना

आमच्या नगरकडे मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, भांडणं बहुतेक तीन गोष्टींवरून होतात. चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीची निवडणूक, मिशनच्या जागा आणि लग्नाच्या बोलणीत हळूच विचारलेलं, "तुमचं मूळचं आडनाव काय हो?" प्रीतीवर उपदेश दर महिन्याला होतो, तट आपले तसेच. मी जन्मभर शाळेत शिकवलं आणि रविवारी शब्बाथ शाळा घेतली, त्यामुळे भांडणं सोडवायची सवय आहे. तेवढ्या जोरावर सांगते.

आधी रागाच्या खाली भीती कसली आहे ते शोधा. "त्या लोकांना कमिटीत घेऊ नका," असं कुणी म्हणालं की वाद घालू नका. "घेतलं तर काय होईल?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. पहिलं उत्तर तत्त्वाचं येतं. पुन्हा विचारा. मग हळूच निघतं, "कंपाउंडातली खोली खाली करायला लावतील." आता बोलता येईल! खोलीचे कागद बघता येतात, कमिटीकडून लेखी घेता येतं. 'त्या लोकां'चं काय करणार?

योहानाच्या पहिल्या पत्रातलं "पूर्ण प्रीती भीती घालवून देते" (4:18) आपल्याकडे भिंतीवर फ्रेम करून लावतात. दोनच वचनं पुढे वाचा. डोळ्यांसमोरच्या भावावर ज्याची प्रीती नाही, त्याला न दिसणाऱ्या देवावर प्रीती करता येत नाही, असं आहे. ते मात्र फ्रेममध्ये बसवलेलं मी कुठे पाहिलं नाही.

मग त्या घरी जा. एकट्यानं. मत्तय 18:15 मध्ये प्रभूनं हेच सांगितलंय, दोघंच असताना बोला. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाही आणि उपासना संपल्यावर पायऱ्यांवर तर मुळीच नाही, तिथे ऐकणारे फार. संध्याकाळी पाचच्या पुढे जावं. चहा नाकारू नका. डायबेटिस असला तर बिनसाखरेचा मागा, पण घ्या. बायबल पिशवीतच राहू द्या. वचनं समोरच्यालाही पाठ असतात, आणि सुरुवात वचनांनी झाली की सामना सुरू होतो. गुडघ्याचं ऑपरेशन, नातवाची दहावी, असं आधी विचारा. एका घरी यजमानीणबाईंनी मला कप दिला आणि स्वतः ओट्याला टेकून उभ्याच राहिल्या. मी त्यांच्या कढीपत्त्याच्या झाडाचं विचारलं, तेव्हा स्टूल ओढून बसल्या. निवडणुकीचा विषय त्यांनीच काढला.

जेवणाचं मात्र नीट जमवा, कारण आपल्याकडे फूट ताटातच दिसते. करिंथच्या मंडळीत काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून पौलानं त्यांना चांगलं फैलावर घेतलं (1 करिंथ 11). कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही सोवळं सुटलं नव्हतं. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा 1900 सालचा, पण दुसऱ्याच्या हातचं खाण्यापिण्याची भीती त्यांनी त्याआधीच मनाशी विचार करून टाकून दिली. म्हणून प्रीतिभोजनाच्या, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणाच्या, दिवशी दोन्ही तटांतल्या बाया बिर्याणीचा कांदा चिरायला एकाच सतरंजीवर बसवा. वाढायला पुरुषांना लावा, तेही मिसळून. प्रभुभोजनाच्या (भाकर-द्राक्षारसाच्या) रविवारआधी हे जमलं तर उत्तमच.

29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, झाली. तरी 'आम्ही अमेरिकन मिशनचे, ते एसपीजीचे (इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनचे)' हे अजून कानावर येतं. तरुणांनी सगळ्यात जुन्या आजोबांना विचारावं की तेव्हा कशाची धास्ती होती. त्यातलं किती खरं झालं, तेही विचारावं.

बाहेरच्या भीतीचंही थोडं. नाताळ जवळ आला की 'अमुक ठिकाणी हल्ला' असे मेसेज फिरतात. काही खरे असतात, तेव्हा पाळकांना कळवा, गरज पडली तर पोलिसांत लेखी द्या. तारीख-ठिकाण नसेल तर पुढे पाठवू नका. आणि करंज्या-शंकरपाळ्यांचं ताट यंदा ज्या घरांशी बोलणं नाही तिथे आधी पाठवा, मावशींकडे नेहमीप्रमाणे जाईलच.

मारहाण, धमकी किंवा पैशाची अफरातफर असेल तर चहाला जायचं नाही. मंडळीची बदनामी होईल म्हणून बाईला गप्प बसवणं याला मी प्रीती म्हणत नाही. तिथे तक्रारच करायची आणि तिच्याबरोबर जायचं.

बाकी ठिकाणी दार उघडलं नाही, तर आठवडाभरानं एकदोघांना घेऊन पुन्हा जा (मत्तय 18:16). त्या घराचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशांना न्या. आपल्या तटातले तावातावानं बोलणारे घरीच राहू देत.