ट्रान्सप्लांटनंतर जोडीदाराला सांभाळताय? या चुका टाळा

माझ्या मिस्टरांना त्यांच्या सख्ख्या बहिणीच्या स्टेम सेल्स, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी दिल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हापासून ट्रान्सप्लांटला निघालेल्या घरांतून मला फोन येतात. वॉर्डात असेपर्यंत सगळे नियम पाळतात. डिस्चार्ज मिळाला की सुटलो असं वाटतं, आणि घरी आल्यावर त्याच त्या चुका होतात.

ताप आल्यावर आधी गोळी, मग फोन

जीव जातो तो या चुकीने, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर सांगते. पांढऱ्या पेशी कमी असताना अंगात जंतू शिरले तरी पू होत नाही, सूज दिसत नाही, खोकलाही धड येत नाही. खूण उरते ती तापाची. पॅरासिटामॉल देऊन ती पुसली की जंतू रक्तात वाढत राहतात आणि आपण ‘उतरला एकदाचा’ म्हणून झोपी जातो.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी हेच केलं. मिस्टरांना रात्री कणकण वाटली, त्यांनी गोळी दिली, घाम येऊन अंग गार झालं. एवढ्या रात्री डॉक्टरांना कशाला उठवायचं, असा त्यांनी विचार केला. पहाटे बाथरूमला जाताना ते भिंत धरून खाली बसले ते उठेचनात. रक्तदाब पार खाली गेला होता. आयसीयूत राहून ते वाचले, पण किडन्या सावरायला फार वेळ गेला. अशा तापात पहिल्या तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू होण्याला महत्त्व असतं, आणि इथे अख्खी रात्र हातातून गेली होती.

बहुतेक ठिकाणी १००.४ अंश फॅरनहाइट ही मर्यादा धरतात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो धरा. तेवढा ताप दिसला की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करायचा. ‘अर्ध्या तासाने परत बघू’ हे मला मान्य नाही. स्टिरॉइड चालू असेल तर ताप चढतच नाही कधी कधी. नुसती हुडहुडी भरली किंवा माणूस एकाएकी गळून गेला, तरीही फोन करा.

मी तापाची गोळी त्यांच्या हाताशी ठेवतच नसे. थर्मामीटर दोन, कारण सेल नेमका रात्री संपतो. दाराशी भरलेली पिशवी असे, तिच्यात डिस्चार्ज समरी, औषधांची यादी आणि शाल. जवळच्या कॅज्युअल्टीत न्यावं लागलं तर रक्त किंवा प्लेटलेट ‘इरॅडिएटेड’च (रेडिएशन देऊन घेतलेल्या) हव्यात, असं कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. ट्रान्सप्लांटचे पेशंट रोज न पाहणाऱ्या डॉक्टरांना हे लक्षात येईलच असं नाही.

‘ताकदीसाठी’ काढे

गुळवेलीचा रस घेऊन कोणीतरी येतंच. माया असते, मला कळतं. पण दुसऱ्याच्या पेशी बसवल्यावर डॉक्टर कित्येक महिने टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन देऊन प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवतात. नाहीतर नव्या पेशी पेशंटच्याच कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर चालून जातात. त्यालाच जीव्हीएचडी म्हणतात. अशा वेळी प्रतिकारशक्ती चेतवणारं काही पोटात घालणं हा निव्वळ अविचार आहे. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या केसेस मुंबईतल्याच डॉक्टरांनी नोंदवल्या होत्या. ट्रान्सप्लांटच्या पेशंटला कावीळ झाली तर ती जीव्हीएचडीची, गोळ्यांची की काढ्याची, हे शोधण्यात मोलाचे दिवस जातात.

पपनसही नको. गणपतीत घरोघरी येतं, पण त्याने या गोळ्यांची रक्तातली पातळी वाढते आणि त्याचा भार किडनीवर येतो.

याच गोळीची आणखी एक चूक म्हणजे लेव्हल तपासायच्या सकाळी ती देऊन मोकळं होणं. आकडा खोटा वाढलेला दिसतो आणि डोस विनाकारण कमी होऊ शकतो. गोळी डबीतून बरोबर न्यायची आणि रक्त काढलं की तिथेच द्यायची.

थोडक्यात, पण तितक्याच गंभीरपणे

स्वागतासाठी घराला रंग, सुतारकाम, फोडाफोड काढू नका. त्या धुळीतली बुरशी फुप्फुसात जाते.

सत्यनारायण वर्षभराने घाला. गर्दी, हारफुलं, पंचामृत यांतलं काहीच आत्ता चालत नाही.

ग्रिलमधली कबुतरांची घाण आणि कुंडीतली माती पेशंटने हाताळायची नाही.

उसाचा रस, कच्ची कोशिंबीर, गाडीवरची चटणी बंद. घरचं दही चालेल का, ते तुमच्या युनिटच्या आहारतज्ज्ञांना विचारा.

घरात तान्हं बाळ असेल तर पोलिओच्या थेंबांआधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांशी बोला. थेंबांतला जिवंत विषाणू बाळाच्या शीतून बाहेर पडतो. बाळाची लस मात्र आपल्या मनाने चुकवू नका.

१०० दिवस झाले म्हणजे संपलं

ट्रान्सप्लांटनंतरच्या १०० दिवसांचा हा आकडा लोक परीक्षेच्या निकालासारखा धरून बसतात. जुनाट जीव्हीएचडी बऱ्याचदा त्यानंतरच डोकं वर काढतो. डोळे कोरडे पडतात, तोंड येतं, कातडी आवळते. थकवा तर वर्षभर पुरतो. ‘जरा मनावर घ्या, फिरायला चला’ म्हणून मागे लागणाऱ्यांचा मला राग येतो. अंगात रक्त भरायला वेळ लागतो, त्यात मनाचा दोष नसतो. केमोने जिभेची चवही जाते, तेव्हा ताटात उरलेल्या पोळीवरून भांडू नका. दर दोन तासांनी अर्धी वाटी मऊ भात किंवा मुगाचं कढण पुढे ठेवा आणि तिथून उठा.

लहानपणीच्या लसींचं संरक्षणही ट्रान्सप्लांटनंतर ओसरतं. साधारण सहा महिने ते वर्षाने त्या पुन्हा सुरू करतात, गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षांच्या आत देत नाहीत. त्याची फाईल वेगळी करा. तुमची स्वतःची फ्लूची लस दरवर्षी घ्या, आणि तुम्हाला खोकला झाला तर मास्क लावून दुसऱ्या खोलीत झोपा, जेवण घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वाढू द्या.