रक्त गोठण्याच्या आजारांवर केस रिपोर्ट लिहिताय? या चुका टाळा

एका रेसिडेंट डॉक्टरने केस रिपोर्टचा मसुदा वाचायला दिला. बाळंतपणानंतर चौथ्या दिवशी पायाच्या शिरेत गुठळी, प्रोटीन एस (गुठळी रोखणारं रक्तातलं प्रथिन) कमी, निदान जन्मजात कमतरतेचं. लिखाण नीटनेटकं होतं, फक्त रक्त कधी घेतलं ते कुठेच नव्हतं. फाइल काढून पाहिली, तर नमुना गुठळी सापडली त्याच दिवशीचा. गरोदरपणात प्रोटीन एस खाली येतं आणि बाळंतपणानंतर काही आठवडे खालीच राहू शकतं. ताज्या गुठळीत ते आणखी खर्ची पडतं. उपचार संपून काही आठवडे गेल्यावर पुन्हा तपासलं, तर नॉर्मल आलं. तोवर त्या बाईंना ‘हा आजार घराण्यातला आहे’ असं सांगून झालं होतं आणि त्यांची बहीणही धास्तावली होती. माझ्या मनातून ती बहीण अजून जात नाही.

म्हणून प्रत्येक तपासणीपुढे तीन गोष्टी लिहाच: रक्त कधी घेतलं, कुठून घेतलं आणि तेव्हा कोणतं औषध चालू होतं. रक्त पातळ करणाऱ्या औषधांपैकी हेपरिनने अँटिथ्रॉम्बिन कमी दिसतं, वॉरफरिनने प्रोटीन सी आणि एस दोन्ही; ही तिन्ही गुठळी रोखणारी प्रथिनं. फॅक्टर व्ही लायडन या गुठळीचा धोका वाढवणाऱ्या जनुकीय बदलाची चाचणी मात्र या कशानेच बदलत नाही, ती कधीही करता येते.

‘कुठून घेतलं’ हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण एपीटीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजणारी चाचणी) अचानक वाढलेला दिसला की मी आधी तोच विचारते. हेपरिनने फ्लश केलेल्या लाइनमधून रक्त ओढलं असेल, तर वाढ पेशंटच्या रक्तात नसून नळीत असते. निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सायट्रेट असतं, एका भागाला नऊ भाग रक्त हे प्रमाण. ट्यूब अर्धवट भरली की सायट्रेट जास्त होतं आणि रक्त गोठायला खोटा उशीर दिसतो. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ५५ टक्क्यांच्या वर असेल तर ट्यूब पूर्ण भरूनही हेच घडतं, कारण प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भागच कमी असतो. अशा नमुन्यावर ‘दुर्मिळ केस’ उभी करू नका. हाताच्या शिरेतून नवा नमुना घ्या.

एपीटीटी वाढला म्हणजे रक्तस्राव होणार, हे समीकरणही बऱ्याच मसुद्यांत दिसतं. ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट (एक प्रकारची अँटिबॉडी) प्रयोगशाळेत गोठणं लांबवतं, पण शरीरात गुठळ्या करतं. त्याचं निदान एका चाचणीवर ठरत नाही. किमान १२ आठवड्यांनी ती पुन्हा पॉझिटिव्ह यावी लागते. दुसरी चाचणी झालीच नसेल तर ‘संशयित’ लिहा, त्यात काही कमीपणा नाही.

याच्या उलट टोकाला अक्वायर्ड हिमोफिलिया, म्हणजे जन्मजात नसलेला, नंतर उद्भवणारा रक्तस्रावाचा आजार. वयस्क माणूस, आधी रक्तस्रावाचा इतिहास नाही, अंगावर मोठमोठे काळेनिळे डाग, पीटी (गोठण्याचीच दुसरी चाचणी) नॉर्मल, फक्त एपीटीटी वाढलेला. मिक्सिंग टेस्टमध्ये पेशंटचा प्लाझ्मा नॉर्मल प्लाझ्मात मिसळतात; ती लगेच वाचली तर एपीटीटी सुधारल्यासारखा वाटतो आणि फॅक्टरची (गोठवणाऱ्या प्रथिनाची) साधी कमतरता समजून डॉक्टर मोकळा होतो. तेच मिश्रण ३७ अंशांवर दोन तास ठेवलं की एपीटीटी पुन्हा लांबतो आणि फॅक्टर आठविरुद्धची अँटिबॉडी उघडी पडते. रिपोर्टमध्ये नुसतं ‘मिक्सिंग केली’ लिहून भागत नाही, दोन्ही वेळांचे आकडे द्या.

हेपरिनमुळे प्लेटलेट्स घसरल्याची केस असेल, तर ‘प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) ९० हजार’ एवढ्याने काही कळत नाही. आधी किती होत्या? हेपरिनचा कितवा दिवस? ही घसरण बहुधा पाचव्या ते दहाव्या दिवसात होते आणि बऱ्याचदा निम्म्याहून जास्त असते. मागच्या महिन्याभरात हेपरिन मिळालेलं असेल तर पहिल्याच दिवशीही होऊ शकते. रोजच्या आकड्यांचा छोटा आलेख द्या. प्लेटलेट्स कमी असूनही इथे खरा धोका गुठळीचा असतो, हे वाचणाऱ्याला त्या आलेखावरच दाखवा: कोणत्या दिवशी हेपरिन थांबवलं, कोणत्या दिवशी गुठळी सापडली.

मांडणीसाठी केस रिपोर्ट कसा लिहावा हे सांगणारी २०१३ ची केअर (CARE) मार्गदर्शक तत्त्वं हाताशी ठेवा. संमतीबाबत एकच सांगते. आनुवंशिक आजारात नाव काढलं तरी वंशावळीच्या आकृतीवरून घर ओळखू येतं. पेशंटला ती आकृती दाखवून मगच सही घ्या, आणि आकृतीतल्या नातेवाइकांनाही विचारा.