परीक्षकाच्या कागदावरची उभी रेघ

गणपतीत गाण्याच्या स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावलं, की शाल-नारळ नंतर घ्या, आधी कागदावर उभी रेघ मारा. डावीकडे 'चांगलं', उजवीकडे 'मला आवडलं'.

मला ही रेघ उशिरा सुचली. एका वर्षी मधाळ आवाजाच्या मुलीला मी पहिला नंबर दिला. घरी फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि कानाला हात लावला. बाई भूप राग म्हणून गात होत्या, पण प्रत्येक आलाप धैवतावर, म्हणजे 'ध'वर, येऊन टेकत होता. भूप आणि देशकार, दोघांचे सूर तेच पाच: सा रे ग प ध. पण भूप गंधारावर, म्हणजे 'ग'वर, बसतो, सकाळचा देशकार धैवतावर. म्हणजे तिन्हीसांजेच्या रागात तिने सकाळ आणली होती! घोगऱ्या आवाजाचा मुलगा मात्र गंधारावर असा काही थांबला होता, की रेकॉर्डिंगमध्येही मागची कुजबुज बंद पडलेली कळत होती. त्याला मी तिसरा केला होता.

तेव्हा डोळे मिटून ऐका. तानपुरा मोठा ठेवायला सांगा. लावलेला सूर त्यात विरघळतोय की त्याला घासतोय, एवढंच बघा. तीनताल असेल तर बोटांवर १६ मात्रा मोजा, नवव्या मात्रेला 'खाली', तिथे टाळी नसते. मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, समेवर, पहिल्या मात्रेवर, अलगद उतरतो की धावत येऊन आदळतो? शब्द कुठे तोडला? 'पंढरी' म्हणून श्वास घेऊन मग 'नाथा' म्हटलं, तर गुण कापा. हे सगळं डावीकडे. शेजारच्या परीक्षकाशी तुमचं पटत नसलं, तरी हा रकाना बहुतेक जुळतो. ताडून बघा.

आवाजाचा पोत, मुरक्या, आणि हो, साडीसुद्धा, उजवीकडे. शंभरात दहाच गुण. किराणा घराण्याच्या संथ आलापीवर वाढलेल्या माझ्या कानाला जयपूर घराण्याच्या पेचदार ताना कोरड्या वाटतात; तो दोष माझा, गाणाऱ्याचा नव्हे. भाव कुठल्या रकान्यात घालायचा, यावर माझी रेघ अजून हलते. मी पाच-पाच वाटून देते.

डावीकडे दोघं सारखे आले तर मुलांना तसं सांगून टाका. गेल्या वर्षी मी सांगितलं, "सुरा-तालात बरोबरीत आहात, मला हिचं जास्त आवडलं." हरलेल्याने विचारलं, "काकू, दुसरे परीक्षक असते तर?"

"तर कदाचित तू आला असतास."

तो हसला. त्याची आई काही हसली नाही.