१२,३४,५६,७८९ चे अवयव पाडताना या चुका टाळा

एक ते नऊ हे अंक ओळीने लिहिले की बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद ही संख्या तयार होते. पहिली चूक आकडेमोड सुरू होण्याआधीच घडते: साध्या आठ अंकी कॅल्क्युलेटरवर शेवटचा ९ उमटतच नाही, आणि आपण नकळत १,२३,४५,६७८ या सम संख्येचे अवयव पाडत बसतो. म्हणून पडद्यावरचे अंक आधी मोजून घ्यावेत.

अंकांची बेरीज ४५ येते, म्हणून ९ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार १,३७,१७,४२१ येतो. ४५ ला २७ ने भाग जात नाही, म्हणून १२,३४,५६,७८९ लाही जात नाही, असे काही जण लिहितात. निष्कर्ष बरोबर असला तरी कारण चुकीचे आहे, कारण खुद्द २७ च्या अंकांची बेरीज ९ आहे. भागाकाराच्या अंकांची बेरीज २६ येते, म्हणून त्याला पुन्हा ३ ने भाग जात नाही, हे खरे कारण.

सर्वांत महागात पडणारी चूक यानंतरची आहे. १,३७,१७,४२१ ला ७, ११, १३, १७ अशा कशानेच भाग जात नाही हे पाहून शंभराच्या आसपास धीर सुटतो आणि ती मूळ संख्या ठरवली जाते. वास्तविक वर्गमूळापर्यंत, म्हणजे ३७०३ पर्यंतच्या सर्व मूळ संख्या तपासल्याशिवाय तसे म्हणता येत नाही, आणि येथे भाग जाणारी पहिली मूळ संख्या ३६०७ ही क्रमाने ५०४ वी आहे. एवढे भागाकार करण्यापेक्षा सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा यांची वर्गांच्या वजाबाकीची रीत, म्हणजे क² − ख² = (क − ख)(क + ख), घ्यावी. ३७०४ च्या वर्गातून आपली संख्या वजा केल्यास २१९५ उरतात, आणि तो पूर्ण वर्ग नाही. ३७०५ चा वर्ग १,३७,२७,०२५. त्यातून वजाबाकी करता ९६०४, म्हणजे नेमका ९८ चा वर्ग उरतो! म्हणून ३७०५ − ९८ = ३६०७ आणि ३७०५ + ९८ = ३८०३ हे दोन अवयव दुसऱ्याच प्रयत्नात हाती येतात. दोन्ही अवयव वर्गमूळाच्या इतके जवळ असल्यामुळेच हे साधते, परंतु वर्गात फळ्यावर ही पायरी करून दाखवण्यासारखा आनंद नाही.

विभाजक मोजताना ९ हा एकच अवयव धरल्यास उत्तर ८ येते. ९ म्हणजे ३ चा वर्ग, त्याचे १, ३, ९ असे तीन विभाजक, आणि ३६०७ व ३८०३ या मूळ संख्यांचे प्रत्येकी दोन; म्हणून ३ × २ × २ = १२ विभाजक होतात, आणि सुटलेले चार म्हणजे ३, १०,८२१, ११,४०९ व ४,११,५२,२६३. विभाजकांच्या बेरजेतही (१ + ९) नव्हे, तर (१ + ३ + ९) घ्यावे; १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६.

१२,३४,५६,७८९ चा वर्ग १५२४१५७८७५०१९०५२१ हा सतरा अंकी आहे. एक्सेल पंधराच अंक जपत असल्याने तेथे शेवटचे दोन अंक शून्य दिसतात. एककस्थानी ९ असलेल्या संख्येचा वर्ग १ नेच संपतो. म्हणून शेवटी शून्य दिसताच ते उत्तर बाजूला ठेवून गुणाकार कागदावर करावा.