घरातल्या जुन्या पोथीचं बासन सोडण्याआधी

३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. औसा तालुक्यातला माझ्या मामांचा माळवदाचा वाडा त्या पहाटे बसला. माणसं वाचली. आठ-दहा दिवसांनी मातीचा ढीग उपसताना देवघराची देवळी मोकळी झाली आणि तिच्यात लाल बासनात बांधलेली पोथी निघाली. पावसानं भिजलेली, कडांना चिखल लागलेली. मामा म्हणाले, खंडित पोथी घरात ठेवत नसतात. बासन माझ्याच ओटीत दिलं आणि मी ते तेरणा नदीत सोडून आले.

महिन्याभरानं मामींनी त्या पोथीची एक लाकडी फळी आणून दिली. फळीला आतून एक पान चिकटून राहिलं होतं, क्रमांक २१२. ते अक्षर मला नीट वाचता यायला पुढं कितीतरी वर्षं गेली. ओव्या एकनाथी भागवतातल्या निघाल्या. पण ती प्रत कुणी लिहिली, कोणत्या गावी, कुणासाठी, हे सगळं शेवटच्या पानावर असतं. ते पान तेरणेत गेलं.

म्हणून कुणी विचारलं की, "बाई, घरात जुनी पोथी सापडलीय, काय करू?", तर मी आधी एवढंच सांगते की ती नदीत सोडू नका. गोदावरीत नाही, मांजरेत नाही, कुठंच नाही. लोक श्रद्धेनंच सोडतात, हे मला माहीत आहे; मीही तशीच सोडली. पण जुने लेखक, म्हणजे पोथ्या उतरवून काढणारे, पोथीच्या शेवटी एक श्लोक लिहीत: तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्. तेलापासून जप, पाण्यापासून जप, सैल बांधणीपासून जप, आणि मूर्खाच्या हाती देऊ नको, असं पुस्तक स्वतः बोलतं. पाण्यापासून जप म्हणणाऱ्या पोथीला पाण्यात सोडणं हा तिचा मान कसा होईल?

आता कामाचं. बासनाची गाठ सापडल्या दिवशीच सोडू नका. जिथं आहे तिथं, आहे तसा त्याचा फोटो काढा: देवळीत, बळदात, माळवदाखालच्या फळीवर, जिथं असेल तिथं. शेजारी काय होतं तेही लिहून ठेवा. पावसाळ्याचे दिवस असतील तर थांबा. आपल्याकडे दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हाच हे काम करावं. पोथी दमट असेल तर घरातल्या सावलीच्या जागी, वारा खेळेल अशी, बासन सैल करून दोन-चार दिवस राहू द्या. उन्हात घालू नका. उन्हानं कागद तडकतो आणि फळ्या वाकतात.

गाठ सोडायच्या दिवशी हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा. टेबलावर जुनं मऊ धोतर अंथरा. हाताशी दाढीचा मऊ, नवा ब्रश, कागदाच्या पट्ट्या, शिसपेन्सिल आणि दोन पाकिटं असू द्या. पेन त्या खोलीतही नको. पान उलटताना बोटाला थुंकी लावायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, ती इथं धोक्याची आहे. कारण हरताळ. लिहिताना चूक झाली की लेखक पिवळी हरताळ लावून अक्षर झाकत आणि वरून दुरुस्त लिहीत. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथूनच आला. हरताळात सोमल, म्हणजे आर्सेनिक हे विष असतं. ते पिवळे ठिपके बोटाला लागून जिभेवर जायला नकोत.

ओलं फडकंही नको. ही शाई बहुतेक काजळाची असते, काजळ आणि बाभळीचा डिंक घोटून केलेली. डिंक पाण्यात सुटतो, की अक्षर पसरलं. लाल ओळी हिंगुळाच्या किंवा गेरूच्या, त्याही तशाच. धूळ असेल तर ब्रशनं मधून कडेकडे, हलक्या हातानं झटका. दोन पानं चिकटली असतील तर चिकटलेली राहू द्या. चाकू, पट्टी, वाफ, काही नको. ते काम जाणकारांचं.

कडांचा चुरा पडेल. तो फुंकरीनं उडवू नका, झाडून टाकू नका. पाकिटात भरून वर लिहा, कोणत्या पोथीचा, कितव्या पानाजवळचा.

मग मोजणी. सुट्या पानांच्या पोथीत क्रमांक पानाच्या मागच्या बाजूला, समासात असतो, आणि एका पानाला एकच क्रमांक असतो. म्हणजे आपल्या हिशेबानं दोन पृष्ठं. डाव्या समासात बहुधा ग्रंथाचं नाव तोडून लिहिलेलं सापडतं, 'ज्ञा.' किंवा 'भा. ए.' असं काही, आणि उजवीकडे 'राम'. क्रमानं पानं लावा आणि कोणती नाहीत ते लिहा. लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, एका बाजूला ओळी किती, एका ओळीत अक्षरं किती. अक्षरं मोजायची पद्धत लेखकांचीच आहे. बत्तीस अक्षरांचा एक ग्रंथ धरून ते आपलं काम मोजत, म्हणून शेवटी 'ग्रंथसंख्या' असा आकडा दिसतो.

समास केवढा सोडला आहे हेही बघा. आपल्या जांबचे समर्थ रामदास दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिल्याच समासात (इथं समास म्हणजे प्रकरण) लेखन कसं करावं ते सांगतात: भोवती जागा सोडून मधे लिहावं, कागद झडला तरी झडो, अक्षर झडू नये. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या माणसानं कसरीचा, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीचा, आणि झिजेचा हिशेब आधीच केला होता. कडा पार खाल्लेल्या पोथीत मधला मजकूर शाबूत दिसला की मला दर वेळी त्या ओवीची आठवण होते.

कागद उजेडासमोर धरून बघा, पण उचलायला दोन्ही हात लावा. हातकागदात चटईसारख्या बारीक रेघा दिसतात. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतकं असा कागद होत आला आणि मराठी राज्यात तो दौलताबादी म्हणून ओळखला जाई. खळ लावून, गुळगुळीत दगडानं घोटलेला. म्हणून बोरू अडत नाही आणि शाई फुटत नाही. मात्र त्याच खळीवर कसर जगते.

वाचायला अवघड नाही, सवय लागते. धार्मिक पोथी बहुधा बाळबोध म्हणजे देवनागरीत असते, पण शब्द तोडलेले नसतात. ओळ सलग चालते. 'ख'च्या जागी 'ष' येतो: 'सुष' म्हणजे सुख, 'लिषिते' म्हणजे लिखिते. 'एक'चं 'येक' होतं. फार जुन्या प्रतीत मात्रा अक्षराच्या डोक्यावर नसून डावीकडे उभी असते, तिला पडिमात्रा म्हणतात. सोपा मार्ग सांगते: ग्रंथाचं नाव कळलं की छापील प्रत शेजारी ठेवून वाचा, आठवड्याभरात डोळे सरावतात. पण अक्षर देवनागरी दिसतच नसेल तर घाईनं 'काही नाही' म्हणू नका. मोडी असेल, किंवा महानुभाव पंथाची सकळ, सुंदरी अशी सांकेतिक लिपी असेल. बासनाच्या आत किंवा पुठ्ठ्याच्या थरांत उर्दू-फारसी कागदही निघतात. इथं मराठवाड्यात निजामाचं राज्य होतं, ते कागद घराच्याच इतिहासाचे आहेत.

आता शेवटचं पान. इथंच माणसं सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा थांबते.

केज तालुक्यातल्या एका घरी ज्ञानेश्वरी होती. घरचे आजोबा म्हणाले, ही माउलींच्या काळातली, शेवटी शके १२१२ लिहिलंय. लिहिलं होतंच: शके बाराशे बारोत्तरें, तैं टीका केली ज्ञानेश्वरें. पण तो ग्रंथ रचल्याचा काळ, १२९०. ही ओवी जवळजवळ प्रत्येक प्रतीत येते. तिच्यापुढं नाथांच्या ओव्या येतात: पैठणात एकनाथांनी शके १५०६, तारण संवत्सरात, म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीही तारीख नक्कल करणारा जशीच्या तशी उतरवतो. या दोन तारखा ओलांडून पुढं जायचं. 'इति' आणि 'समाप्त' यांच्या पलीकडे, बऱ्याचदा लहान अक्षरात, लेखकाची स्वतःची ओळ असते. तिच्यात शके, संवत्सर, मास, तिथी, गाव, हस्ताक्षर कुणाचं, कुणाच्या पठणासाठी. ती प्रतीची खरी जन्मतारीख.

त्या घरी ती ओळ होती: शके १६९, आणि पुढचा आकडा कसरीनं खाल्लेला. संवत्सराचं नावही अर्धं तुटलेलं. मी पाकिटातला चुरा धोतरावर पसरला, आणि नखाएवढ्या तुकड्यावर 'र्मुष नाम' अशी अक्षरं मिळाली. दुर्मुख. मग हिशेब सोपा. शकात १२ मिळवायचे, ६०नं भागायचं, बाकी उरेल तितकावा संवत्सर, पहिला प्रभव. दुर्मुख तिसावा. १६९८ अधिक १२ म्हणजे १७१०, साठनं भागून बाकी ३०. म्हणजे शके १६९८. महिना कार्तिक होता, तेव्हा ७८ मिळवून १७७६. हाच हिशेब नाथांच्या तारखेला लावून बघा: १५१८, बाकी १८, तारण. जुळतं.

आजोबा थोडा वेळ गप्प बसले. प्रत पाचशे वर्षांनी अलीकडे आली होती. मग मी लेखकाचं नाव वाचलं, आणि ते त्यांच्याच घराण्यातल्या पुरुषाचं निघालं. त्यांनी पोथीवर डोकं ठेवलं.

शकाला ७८ मिळवायचे, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला ७९. फसली, म्हणजे जुना महसुली सन असेल तर साधारण ५९०. आणि आकड्यांऐवजी 'वेद', 'बाण', 'रस', 'वसु' असे शब्द आले तर ते ४, ५, ६, ८ आहेत, आणि उजवीकडून डावीकडे वाचायचे.

प्रत अलीकडची निघाली म्हणून ती कमी होत नाही. नाथांनी प्रत शुद्ध केली ती इतर प्रती समोर ठेवूनच. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली ती बीडला मिळालेल्या एका जुन्या प्रतीवरून. पाठ ताडून बघायला प्रती लागतात, आणि त्या घराघरांतल्या बासनांतच असतात. म्हणून छापील पुस्तकापेक्षा वेगळा शब्द दिसला तर पोथीत काही 'सुधारू' नका. वहीत टिपा.

फोटो सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, फ्लॅश न मारता, बरोबर वरून. प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी, चारही कडा दिसतील असं, शेजारी पट्टी ठेवून. फाइलला पान क्रमांकाचंच नाव द्या. कोरी पानं आणि फळ्याही सोडू नका.

पोथी घराबाहेर द्यायची वेळ आली तर लेखी घ्या: पानं किती, कशासाठी, परत कधी. परळीकडच्या एका घरातली संतकवी दासोपंतांच्या पदांची बाडं एका अभ्यासकानं 'पंधरा दिवसांत आणतो' म्हणून नेली, ती आजतागायत आली नाहीत. फोटोही नव्हते. त्या घरच्या आजी अजून मला विचारतात.

सांभाळणं घरात जमत नसेल तर छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या इतिहास वस्तुसंग्रहालयात, पुण्याच्या भांडारकर संस्थेत किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात, धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात विचारा. पण घरात पोथीवर जीव असलेलं माणूस असेल तर पोथी घरातच राहावी असं माझं मत आहे.

ठेवायची ती मांजरपाटात. नवं कापड दोनदा धुऊन खळ काढा, नाहीतर कसरीला निमंत्रण. फळ्यांमध्ये पानं सरळ ठेवून घट्ट गुंडाळा; सैल पोथीत पानं घासतात आणि हवा शिरते. वेखंडाची किंवा सुकलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी बासनाबाहेर ठेवा. पानांत पाला घातला की डाग उठतात. सेलोटेप, फेविकॉल, लॅमिनेशन यांतलं काहीही लावू नका, ते काढताना अक्षर सोबत येतं. बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, जमिनीवर ठेवू नका.

आणि दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी पोथी बाहेर काढालच, तेव्हा हळद-कुंकू बासनावरही नको, शेजारच्या पाटावर वाहा. निरांजन हातभर लांब ठेवा. पूजा झाली की बासन सोडून कसर, वाळवी, ओल बघा, पानं मोजा आणि मोजल्याची तारीख चिठ्ठीवर लिहा. माझ्याकडच्या चिठ्ठीवर दर वर्षी एकच आकडा असतो: पान १, क्रमांक २१२.