रिमफायर टार्गेट पिस्तूल: आधी अडथळे दूर करा, मग ट्रिगर लावा

पिस्तूल अडखळत असले की बहुतेक नेमबाजांचा हात आधी ट्रिगरच्या स्क्रूकडे जातो. हा क्रम उलटा आहे. पुढचे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) नीट जाईल की नाही, अशी शंका मनात असताना ट्रिगर कितीही हलका केला तरी बोट आखडलेलेच राहते. म्हणून विश्वासार्हतेचे काम आधी संपवावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदल एकदम केले तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही. प्रत्येक कामाआधी मॅगझिन काढावे, चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी आणि काडतुसे त्या टेबलावरून हलवावीत.

रिमफायर काडतुसाला वेगळी टोपी (प्रायमर) नसते. आघाताने पेटणारे मिश्रण बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत भरलेले असते आणि फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी पिन) ती कड चेंबरच्या काठावर चिरडते, तेव्हा बार उडतो. म्हणूनच बार न उडालेल्या काडतुसाच्या कडेवरची खूण पुष्कळ काही सांगते. अशा वेळी नळी लक्ष्याच्या दिशेने धरून किमान 30 सेकंद थांबावे, कारण बार उशिराही उडू शकतो. त्यानंतर काडतूस काढून खूण पाहावी. खूण खोल आणि स्पष्ट असेल आणि थोडे फिरवून पुन्हा भरल्यावर तेच काडतूस उडाले, तर त्या ठिकाणी मिश्रण कमी पडले होते, म्हणजे दोष काडतुसाचा. खूण उथळ असेल तर बहुधा काडतूस चेंबरमध्ये पूर्ण बसलेले नसते आणि पिनची ताकद ते पुढे ढकलण्यातच खर्च होते. किंवा पिनच्या मार्गात घट्ट झालेले तेल साचलेले असते. किंवा स्प्रिंग थकलेली असते. स्प्रिंग बदलण्याआधी चेंबर साफ करावे.

या काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर बाहेरून मेण किंवा ग्रीस असते. ते जळक्या दारूच्या काजळीत मिसळून चेंबरच्या पुढच्या भागात कडक कडे तयार करते आणि गोळी तिथे अडते. ब्राँझच्या ब्रशने, शक्य असेल तर मागच्या बाजूने, हे कडे काढावे; नळीच्या तोंडाची कड घासली जाणार नाही याची काळजी घ्यावी, कारण अचूकता तिच्यावर अवलंबून असते. एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामी केस चेंबरमधून ओढून काढणाऱ्या भागाच्या) आकड्याखालची घाण बारीक काडीने काढावी. तेल मात्र बेताचेच असावे, कारण जादा तेल काजळी धरून ठेवते.

मॅगझिनवर क्रमांक टाकून ठेवावेत आणि प्रत्येक अडथळा कोणत्या मॅगझिनमध्ये झाला हे लिहावे. एकाच क्रमांकावर तक्रारी जमल्या तर दोष पिस्तुलात नाही, त्या मॅगझिनच्या ओठांत (काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या वळलेल्या कडांत) किंवा स्प्रिंगमध्ये आहे. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या कडेच्या पुढे असावी, नाहीतर दोन्ही एकमेकींत अडकतात. ओठ पकडीने वाकवण्याचा मोह टाळावा. नवे मॅगझिन घेणे शेवटी स्वस्तच पडते.

रिकामी केस बाहेर फेकली न जाता स्लाइडमध्ये (बारानंतर मागे-पुढे सरकणाऱ्या भागात) अडकत असेल, तर एक्स्ट्रॅक्टरबरोबरच काडतुसाचा प्रकार आणि स्वतःची पकडही तपासावी, कारण मनगट सैल पडले की स्लाइडला मागे यायला लागणारा आधार मिळत नाही. बहुतेक टार्गेट पिस्तुलांच्या स्प्रिंगा सुमारे 2.6 ग्रॅमची गोळी आणि सुमारे 320 ते 330 मीटर प्रति सेकंद वेगाची स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसे धरून बनवलेल्या असतात. जास्त वेगाची काडतुसे तात्पुरता अडथळा घालवतीलही, पण स्लाइड आणि चौकटीला अकारण मार बसतो.

आता ट्रिगर. वजनाच्या (म्हणजे तो दाबायला लागणाऱ्या बळाच्या) आकड्यापेक्षा सुटण्याचा क्षण दर वेळी सारखा असणे महत्त्वाचे, असे माझे मत आहे. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) 25 मीटर स्पर्धांत .22 रिमफायर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान 1000 ग्रॅम लागतात, त्यामुळे त्याखाली जाण्याचा प्रश्नच येत नाही. माहितीपुस्तिकेत सांगितलेले स्क्रूच फिरवावेत, तेही पाव वळणाने, आणि आधीची स्थिती लिहून ठेवावी. प्रथम पहिल्या टप्प्याची, म्हणजे ट्रिगरला स्पष्ट अडसर लागेपर्यंतच्या ओढीची, लांबी आणि वजन ठरवावे. अनेक नेमबाज एकूण वजनाचा मोठा हिस्सा इथेच ठेवतात, म्हणजे दुसऱ्या टप्प्यात थोडेच बळ वाढवावे लागते. थांब्याचा स्क्रू (ट्रिगर मागे कुठे थांबेल हे ठरवणारा) शेवटी लावावा आणि हॅमर (फायरिंग पिनवर आदळणारा भाग) सुटल्यानंतर ट्रिगरला किंचित मोकळीक राहू द्यावी. स्क्रू फार घट्ट केला तर सिअर (हॅमरला अडवून धरणारा भाग) हॅमरला घासतो. सिअर आणि हॅमरच्या पकडीच्या कडांना स्वतः पॉलिश करू नये. वरचा कठीण थर पातळ असू शकतो आणि तो गेला की बार आपोआप उडू शकतो. हे काम प्रशिक्षित आर्मररचे (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याचे) आहे. ड्राय फायरिंगसाठी (काडतुसाशिवाय ट्रिगर दाबण्याच्या सरावासाठी) पुस्तिकेतील सोय किंवा संरक्षक डमी वापरावी, नाहीतर बऱ्याच मॉडेलमध्ये पिन चेंबरच्या काठावर आपटून तिथे खाच पडते.

जुळवणी झाल्यावर रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड काही वेळा बंद करून हॅमर पडत नाही ना, हे पाहावे. मग रेंजवर आधी एकच आणि नंतर दोनच काडतुसे भरून चाचणी घ्यावी. एका दाबात दोन बार झाले तर तिथेच थांबून पिस्तूल आर्मररकडे द्यावे. शेवटी हॅमर चढवून, नळी उभी धरून ट्रिगरवर 1000 ग्रॅमचे वजन लटकवावे आणि सावकाश उचलावे. ते जेमतेम उचलले जात असेल तर थोडे वजन वाढवावे, कारण वापराने स्प्रिंग सैल पडते आणि स्पर्धेच्या तपासणीत तेवढाच फरक नडतो.